मजकूर हाताळायचा तर पायथन की जावास्क्रिप्ट?

मजकूर साफ करायचा, तोडायचा, जोडायचा, त्यातलं काही शोधून बदलायचं, एवढंच काम डोळ्यांसमोर असेल तर कुठल्या भाषेत हात बसवावा? नवशिके बहुतेक वेळा पायथन आणि जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंग (म्हणजे मजकुराचा तुकडा) हाताळणाऱ्या फंक्शनांच्या याद्या शेजारी शेजारी मांडतात आणि गोंधळतात, कारण याद्या जवळजवळ सारख्याच असतात. तोडायला दोन्हीकडे स्प्लिट, जोडायला जॉइन, बदलायला रिप्लेस. मूळ स्ट्रिंगला कुठलीच भाषा हात लावत नाही, प्रत्येक फंक्शन नवी स्ट्रिंग परत देतं. नीटनेटक्या इनपुटवर दोघींचं उत्तरही बहुधा एकच येतं.

इनपुट वाकडंतिकडं आलं की मात्र दोघींचे स्वभाव कळतात. पायथन सहसा तिथेच थांबून एरर देतं. जावास्क्रिप्ट सहसा काहीतरी उत्तर देऊन पुढे चालू पडतं. निवड करायची तर माझ्या मते याच कसोटीवर करावी, म्हणून खाली फंक्शनांची पूर्ण यादी न देता जिथे वाटा फुटतात तेवढ्याच जागा घेतल्या आहेत.

तोडणं आणि जोडणं

स्प्लिटपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त वापर त्याचाच होतो. पायथनमध्ये कंसात काहीही न देता स्प्लिट चालवलं की ते सगळ्या प्रकारच्या मोकळ्या जागा, म्हणजे स्पेस, टॅब, नवी ओळ, एकत्र धरून तोडतं आणि रिकामे तुकडे टाकून देतं. दोन शब्दांमध्ये चुकून तीन स्पेस पडल्या असल्या तरी हातात दोनच शब्द येतात. जावास्क्रिप्टमध्ये कंस रिकामा ठेवला तर काहीच तुटत नाही, अख्खी स्ट्रिंग एकाच घटकाची यादी होऊन परत येते. तिथे स्पेस सांगावी लागते, आणि सांगितली तर लागून आलेल्या स्पेसमुळे मध्ये रिकामे तुकडे शिरतात. नीट काम हवं असेल तर आधी ट्रिम करायचं आणि मग 'एक किंवा जास्त मोकळ्या जागा' असा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात काय शोधायचं त्याचा नमुना) द्यायचा. जमतं, पण लक्षात ठेवावं लागतं.

स्प्लिटच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटकडे (कंसात दिलेल्या दुसऱ्या मूल्याकडे) तर खास लक्ष द्या. 'अ,ब,क,ड' ही स्ट्रिंग घ्या. स्वल्पविरामावर तोडा आणि दुसरं आर्ग्युमेंट २ द्या. पायथन तीन तुकडे देतं: 'अ', 'ब' आणि 'क,ड'. तिथे २ म्हणजे दोनदाच तोड, उरलेलं शेवटच्या तुकड्यात राहू दे. जावास्क्रिप्ट दोन तुकडे देतं: 'अ' आणि 'ब'. तिथे २ म्हणजे दोनच तुकडे हवेत, आणि बाकीचं गेलं. एरर नाही, इशारा नाही. लॉग फाइलच्या ओळीतून तारीख आणि वेळ बाजूला काढून उरलेला संदेश जसाच्या तसा ठेवायचा असेल, तर पायथनचं वागणं नेमकं कामाचं आहे. जावास्क्रिप्टमध्ये तोच कोड संदेश गिळून टाकतो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कोड नेणाऱ्यांनी ही एक जागा तरी हाताने तपासावीच.

जोडताना क्रम उलटा आहे. पायथनमध्ये जोडणारं चिन्ह आधी आणि यादी नंतर, जावास्क्रिप्टमध्ये यादी आधी. ही फक्त सवयीची बाब झाली. महत्त्वाचं हे की यादीत एखादी संख्या किंवा रिकामं मूल्य घुसलं असेल तर पायथनचं जॉइन टाइप एरर देऊन अडतं. जावास्क्रिप्ट संख्येची मुकाट स्ट्रिंग करतं, आणि नल किंवा अनडिफाइन्ड (ही तिथली रिकामी मूल्यं) असेल तर त्याजागी काहीच लिहीत नाही. अहवालातला रकाना कोरा का आला हे मग शोधत बसावं लागतं.

अधिक चिन्हाचीही तीच कथा. पाच हा अंक लिहिलेल्या स्ट्रिंगमध्ये तीन ही संख्या मिळवली तर पायथन नकार देतं. जावास्क्रिप्ट दोन्ही चिकटवून त्रेपन्न लिहिलेली स्ट्रिंग देतं, आणि त्याच दोघांची वजाबाकी केली तर मात्र दोन ही संख्या! टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवर टाइपची तपासणी चढवणारी भाषा) घेतलं तर वजाबाकीची गडबड पकडली जाते, बेरजेची नाही.

कडा साफ करणं आणि बदलणं

मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढायला पायथनमध्ये स्ट्रिप आणि जावास्क्रिप्टमध्ये ट्रिम. पायथनच्या स्ट्रिपला कुठली चिन्हं काढायची तेही सांगता येतं, जावास्क्रिप्टच्या ट्रिमला सांगता येत नाही. इथे पायथन पुढे आहे, पण त्याच सोयीत एक खड्डाही आहे. स्ट्रिपला दिलेली अक्षरं हा शब्द नसून अक्षरांचा संच असतो. 'सरसर' या शब्दाच्या शेवटचं 'सर' काढावं म्हणून आर-स्ट्रिपला (फक्त उजवं टोक साफ करणाऱ्या स्ट्रिपला) 'सर' दिलं, तर ते उजवीकडून स किंवा र दिसत राहील तोवर काढत जातं आणि हातात रिकामी स्ट्रिंग येते. यासाठी ३.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, रिमूव्ह-सफिक्स आणि रिमूव्ह-प्रिफिक्स आहेत. त्यांनी 'सर' उरतं. फाइलच्या नावाचं एक्स्टेन्शन काढायला आर-स्ट्रिप वापरणारे कितीतरी जुने कोड अजून फिरत आहेत. तुम्ही नव्याने लिहीत असाल तर ती वाट धरू नका.

रिप्लेसमध्ये पाय घसरण्याची पाळी जावास्क्रिप्टवाल्यांची. साधी स्ट्रिंग दिली तर जावास्क्रिप्टचं रिप्लेस फक्त पहिली जागा बदलतं. सगळ्या बदलायला रिप्लेस-ऑल लागतं, आणि ते भाषेच्या २०२१ च्या मानकात आलं. पायथनचं रिप्लेस मुळातच सगळीकडे बदलतं, कमी जागा हव्या असतील तर आकडा द्यायचा. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये नव्या मजकुरातल्या डॉलर चिन्हाला विशेष अर्थ असतो. लागून दोन डॉलर लिहिले तर निकालात एकच उरतो. नवा मजकूर वापरणाऱ्याकडून येत असेल तर तो थेट न देता फंक्शनमधून द्यावा, म्हणजे हा प्रश्न येत नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय मात्र जावास्क्रिप्टमध्ये जास्त सुटसुटीत वाटते. दोन तिरप्या रेघांमध्ये लिहिलं की झालं, आणि रिप्लेस, स्प्लिट ही नेहमीचीच फंक्शनं ते समजून घेतात. पायथनमध्ये त्यासाठी वेगळं मोड्यूल (तयार कोडचा संच) आणावं लागतं.

शोधणं आणि कापणं

तुकडा कापण्यात पायथनची चौकटी कंसातली स्लाइस पद्धत मला अजूनही सर्वांत स्वच्छ वाटते. शेवटची तीन चिन्हं, पहिली पाच, उलट क्रम, सगळं एकाच लिखाणात. जावास्क्रिप्टमध्ये या कामाला तीन फंक्शनं आहेत: स्लाइस, सबस्ट्रिंग आणि सबस्ट्र. सबस्ट्र मानकाने जुन्यात काढलंय, ते सोडा. सबस्ट्रिंग उणे आकड्याला शून्य समजतं आणि सुरुवात शेवटापेक्षा मोठी असेल तर दोघांची अदलाबदल करतं. फक्त स्लाइस शिका, बाकीची दोन्ही विसरलात तरी चालेल.

शोधताना सापडलं नाही तर पायथनचं फाइंड आणि जावास्क्रिप्टचं इंडेक्स-ऑफ दोन्ही उणे एक देतात. तो उणे एक न तपासता पुढे स्लाइसला दिला तर दोन्ही भाषांत शेवटचं चिन्ह कापलं जातं. ईमेल पत्त्यातला अ‍ॅट चिन्हाच्या आधीचा भाग काढणाऱ्या कोडमध्ये हे हमखास घडतं. पायथनमध्ये यावर दोन उपाय आहेत. इंडेक्स वापरलं तर न सापडल्यास एरर येते. पार्टिशन वापरलं तर नेहमी तीनच तुकडे मिळतात: आधीचा, चिन्ह आणि नंतरचा. चिन्ह नसेल तर मधला तुकडा रिकामा. पार्टिशनसारखं फंक्शन जावास्क्रिप्टमध्ये नाही, आणि ही उणीव मला खरोखर जाणवते.

मजकूर देवनागरीत असेल तर

इंग्रजीपुरतं काम असेल तर वरचं पुरे. मराठी मजकूर हाताळायचा असेल तर निवडीचं पारडं वेगळ्या तऱ्हेने हलतं.

'मराठी' या शब्दाची लांबी दोन्ही भाषा ५ सांगतात: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरं. (पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये मोजली जायची आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत हाच शब्द १५ भरायचा, जुन्या लेखांत ते आकडे दिसले तर दचकू नका.) हा शब्द उलटा केला की दोन्हीकडे वेलांटी पहिल्या जागी एकटी लटकते आणि र चा काना ठ ला जाऊन चिकटतो. म्हणजे 'पहिली दहा अक्षरं दाखव' असा साधा कोडही जोडाक्षर मध्येच तोडू शकतो.

इथे जावास्क्रिप्टने बाजी मारली आहे. त्यात इंटल-सेगमेंटर नावाची सोय अंगचीच आहे. ती मजकूर वाचणाऱ्याच्या अक्षरांप्रमाणे तोडते आणि 'मराठी'चे तीन तुकडे देते. क्रोममध्ये ती २०२० पासून आहे. फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये आल्यावर सगळे मोठे ब्राउझर एका रांगेत आले. पायथनमध्ये यासाठी बाहेरचं पॅकेज घ्यावं लागतं.

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही तसंच. 'शब्दातलं चिन्ह' या अर्थाचा उलट्या तिरप्या रेघेचा डब्ल्यू पायथनमध्ये 'मराठी'वर चालवला तर 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे मिळतात, कारण काना-वेलांटीला तो अक्षर मानत नाही. त्याच कारणाने इज-अल्फा हे फंक्शन 'मराठी' शब्दाला चक्क नाही म्हणतं. मराठी नावं तपासायला ते वापरलंत तर बहुतेक माणसांची नावं अमान्य ठरतील! जावास्क्रिप्टचा डब्ल्यू तर देवनागरीतलं एकही चिन्ह ओळखत नाही, पण तिथे यू फ्लॅग (युनिकोडची खूण) लावून 'युनिकोडमधलं अक्षर किंवा खूण' असा वर्ग मागता येतो आणि शब्द अखंड मिळतो. पायथनच्या सोबत येणाऱ्या मोड्यूलला हा वर्ग कळत नाही. रेजेक्स नावाच्या वेगळ्या पॅकेजला कळतो.

अंकांत मात्र पायथन उजवं. '१२३' असं देवनागरीत लिहिलेली स्ट्रिंग इंट ला दिली की खरी संख्या मिळते. जावास्क्रिप्टचं नंबर 'नॅन' (म्हणजे 'संख्या नाही') देतं, आणि तो नॅन पुढच्या प्रत्येक हिशेबात पसरत जातो. पायथनमध्ये अंक तपासायला इज-डेसिमल वापरा. इज-डिजिट वर्गाच्या छोट्या दोनलाही होकार देतं आणि मग इंट अडतं. उलट दिशेने, म्हणजे संख्या मराठी वाचकाला दाखवायची असेल तर पुन्हा जावास्क्रिप्ट: टू-लोकेल-स्ट्रिंग ला मराठीची खूण दिली की '१२,३४,५६७' असं देवनागरी अंकांत आणि लाखांच्या स्वल्पविरामांसह छापून येतं.

आणि 'ऱ' जपा. हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं: एकाच कोड पॉइंटचं (युनिकोडने चिन्हाला दिलेल्या एका क्रमांकाचं), किंवा र आणि त्याखाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण तुलना केली तर दोन्ही भाषा ती वेगळी ठरवतात. यादीत शोधलेलं नाव समोर दिसत असूनही सापडत नाही. शोधण्याआधी दोन्ही बाजूंना नॉर्मलाइज (अशा तऱ्हा एकसारख्या करणारं फंक्शन) चालवावं. पायथनमध्ये ते युनिकोडडेटा या मोड्यूलमध्ये आहे, जावास्क्रिप्टमध्ये थेट स्ट्रिंगवर.

मग घ्यायचं काय

फाइली, याद्या, लॉग, दुसऱ्यांकडून आलेला कच्चा मजकूर असं काम असेल तर निःसंकोच पायथन. अशा कामात चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा मध्येच अडलेलं बरं, कारण हजारो ओळींमध्ये मुकाट बिघडलेली एक ओळ कोणी डोळ्यांनी शोधू शकत नाही. स्ट्रिंगमध्ये मूल्यं भरायला एफ-स्ट्रिंग (२०१६ पासून) आहेतच. जावास्क्रिप्टची टेम्प्लेट लिटरल त्याआधी वर्षभर आली आणि तितकीच चांगली आहेत, तेव्हा त्या मुद्द्यावर निवड करू नका. वापरणारा टाइप करत असतानाच मजकूर तपासायचा किंवा मराठी मजकूर पडद्यावर नीट कापून दाखवायचा असेल तर जावास्क्रिप्ट.

पानावर जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर पायथन अशी जोडी असेल, आणि ती बऱ्याच ठिकाणी असते, तर लांबीची मर्यादा कुठे मोजायची ते आधी ठरवा. जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ या साठवणीच्या पद्धतीतले तुकडे मोजतं, पायथन कोड पॉइंट. देवनागरीसाठी दोन्ही आकडे जुळतात, पण हसऱ्या चेहऱ्याचा एक इमोजी जावास्क्रिप्टमध्ये २ आणि पायथनमध्ये १ भरतो. मजकूर पेटीची मॅक्स-लेंग्थ (लांबीची कमाल मर्यादा) हीसुद्धा जावास्क्रिप्टच्याच मापाने चालते. त्यात अनेक ओळींच्या पेटीतली प्रत्येक नवी ओळ पानावर एक चिन्ह असते आणि साध्या फॉर्ममधून सर्व्हरवर पोचताना तिची दोन चिन्हं होतात. पानावर मर्यादेत बसलेला मजकूर सर्व्हर त्यामुळे परत पाठवू शकतो. सर्व्हरवर आधी नव्या ओळींची चिन्हं एकसारखी करा, मग नॉर्मलाइज करा आणि त्यानंतरच लांबी मोजा. पानावरचा आकडा वापरणाऱ्याला अंदाज यावा एवढ्यापुरता ठेवा.