बाळासह दाखल, की बाळ घरी ठेवून?

प्रसूतीनंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा तीव्र मानसिक आजार, हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, भास होतात, बाळाबद्दल भलत्याच समजुती डोक्यात बसतात. ही बाहेरची बाधा नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. तिला बाळासोबत एकटं सोडू नये.

नेहमीच्या मनोरुग्ण वॉर्डात आई एकटीच दाखल होते. उपचार लगेच सुरू होतात, पण अंगावरचं पाजणं तुटतं, छाती दाटून दुखते, बाळाची सवय होता होता राहते.

बंगळूरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९पासून माता-बालक कक्ष आहे. तिथे बाळ आईबरोबर राहतं, सोबतीला घरची एक बाई असते. परिचारिकांच्या देखरेखीखाली आई बाळाला घ्यायला, न्हाऊ घालायला पुन्हा सरावते. स्तनपान चालू ठेवायचं तर कोणतं औषध चालेल, हेही तिथे नीट पाहिलं जातं; या आजारात दिलं जाणारं लिथियम हे औषध दुधात उतरतं, म्हणून हे फार महत्त्वाचं. माझा कौल निःसंशय याच कक्षाला.

मात्र असे कक्ष आपल्या देशात फार थोडे. तिथल्या जागेची वाट पाहत घरी थांबण्यापेक्षा जवळचा साधा वॉर्ड कितीतरी बरा. बाळ आजी-मावशीने सांभाळावं आणि आई सावरू लागली की डॉक्टरांना विचारून भेटीला न्यावं.