लालबागची खोली आणि दुसऱ्याच्या नावाची भाडेपावती

2025 च्या मार्चमध्ये आईचे कर्करोगावरील उपचार परळच्या टाटा रुग्णालयात सुरू झाले. दर आठवड्याला तिला साताऱ्याहून आणणे अशक्य झाल्यामुळे मी लालबाग-परळ भागात भाड्याची खोली शोधू लागले आणि त्या शोधात माझे पाच लाख रुपये गेले. ते कसे गेले हे तपशिलाने लिहीत आहे, कारण मला ज्या रीतीने फसवले गेले ती रीत गिरणगावातील चाळींच्या रोजच्या व्यवहाराच्या आधारानेच उभी आहे आणि तिथे घाईने खोली घेणारा कोणीही तिला बळी पडू शकतो.

या भागावर माझा विश्वास आधीपासूनचा होता. आजोबा परळच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात त्यांची नोकरी गेली, पुढे खोलीही सुटली आणि ते गावी परतले. खोली दाखवणाऱ्या इसमाला मी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकले. तो म्हणाला, ‘‘मग तुम्ही आपल्याच माणसातल्या, ताई. मिलवाल्यांच्या घरात दलाली घेणार नाही.’’ त्यानंतर मी विचारायला हवे होते असे अनेक प्रश्न विचारलेच नाहीत.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बारा बाय दहाची, आत मोरी, वर पोटमाळा, संडास मात्र सामाईक. व्यवहार ‘हेवी डिपॉझिट’चा ठरला, म्हणजे महिन्याचे भाडे काही नाही, पाच लाख अनामत एकरकमी द्यायची आणि अकरा महिन्यांनी खोली सोडताना ती पूर्ण परत घ्यायची. आईच्या औषधांचा खर्च पाहता दरमहा भाडे भरण्यापेक्षा हे मला सोयीचे वाटले. त्याने भाडेपावतीची आणि वीजबिलाची झेरॉक्स दिली. दोन्हींवर एकाच वृद्ध गृहस्थाचे नाव होते. ते आपले मामा, त्यांना मूलबाळ नव्हते, ते वारल्यावर खोली आपल्याकडे आली, पावतीवर नाव चढवायला मालक पैसे मागतो म्हणून ते तसेच राहिले, असे त्याने सांगितले.

हे स्पष्टीकरण मला खरे का वाटले, ते बाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवे. या चाळींतील बहुतेक जुन्या खोल्या पागडीच्या आहेत. भाडेकरूने कधीकाळी मालकाला एकरकमी पागडी दिलेली असते, महिन्याचे भाडे नाममात्र असते आणि राहण्याचा हक्क घरातल्या माणसांकडे पुढे चालत राहतो. नाव बदलण्यासाठी मालक रक्कम मागतो, म्हणून वारलेल्या वडिलांच्या, काकांच्या, आजोबांच्या नावाने पावत्या वर्षानुवर्षे निघत राहतात. कागदावर एक नाव आणि दारात दुसराच माणूस, ही इथे नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे दारातला माणूस त्या नावाचा खरोखर कोण लागतो, हे विचारण्याची सवयच कोणाला उरलेली नाही आणि फसवणाऱ्याला तेवढी फट पुरते.

करार पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरीसमोर झाला. पागडीच्या खोलीचा करार रजिस्टर होत नाही, असे त्याने मला ठामपणे सांगितले. हे खोटे होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, नोंदणीची जबाबदारी खोली देणाऱ्यावर असते आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी कार्यालय मालकी तपासून देत नाही, त्यामुळे केवळ नोंदणी झाली म्हणून खोली त्याचीच आहे असे सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. परंतु तिथे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, अंगठ्याचा ठसा आणि आधार पडताळणी होते, आणि त्याला नेमके तेच टाळायचे होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे कामही तो ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत शेवटपर्यंत लांबवत राहिला.

आम्ही राहायला गेलो. औषधांच्या बाटल्या ठेवण्यासाठी मी खिडकीशेजारी फळी ठोकून घेतली आणि भिंतीला भोक पाडल्याबद्दल त्याची हरकत नसावी म्हणून तिचा फोटो त्याला पाठवला. शेजाऱ्यांशी फार बोलू नका, चाळीत चौकशा फार असतात, असे त्याने बजावले होते. आई आजारी असल्यामुळे मलाही कोणाशी बोलायला उसंत नव्हती.

श्रावणातल्या एका दुपारी आई झोपलेली असताना बाहेरून कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. दार उघडून साठीचे एक गृहस्थ उंबऱ्यावर उभे राहिले. आम्हाला पाहून ते माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते. ते खोलीचे खरे भाडेकरू होते. निवृत्तीनंतर कोकणात राहायला गेलेले. मला खोली देणारा इसम त्यांच्याकडे महिना चौदा हजार रुपयांनी राहत होता, चार महिन्यांपासून त्याने पैसे देणे बंद केले होते आणि फोनही उचलत नव्हता. त्यांनी पिशवीतून दोऱ्यात ओवलेला मूळ पावत्यांचा गठ्ठा काढला. माझ्याकडच्या झेरॉक्सवरील पावती त्याच क्रमांकाची, त्याच महिन्याची, त्यात होती. ‘मामा’ म्हणून सांगितलेले गृहस्थ म्हणजे यांचे वडील होते. पत्त्याचा पुरावा हवा म्हणून त्याने एकदा पावती आणि वीजबिल मागून नेले होते, एवढेच त्यांना आठवत होते. शेजारच्या मावशींना विचारले, तर त्यांना मी त्याची भाची असल्याचे सांगण्यात आले होते.

त्या गृहस्थांनी आईकडे पाहून आम्हाला दीड महिन्याची मुदत दिली आणि त्या काळाचा एक पैसाही घेतला नाही. पण पोलिसांत जबाब द्यायला ते तयार झाले नाहीत. मालकाच्या संमतीशिवाय पागडीची खोली दुसऱ्याला देणे, म्हणजे पोटभाडेकरू ठेवणे, हे कायद्याने खोली खाली करून घेण्याचे कारण ठरते. पुनर्विकासाची बोलणी सुरू असलेल्या चाळीत मालकाच्या हाती असा लेखी पुरावा पडला असता, तर त्यांचा पिढ्यांचा हक्क धोक्यात आला असता. मला त्यांचा राग येत नाही. परंतु फसवणाऱ्याचे सगळे धाडस याच भीतीवर उभे होते: ज्याला खरे माहीत आहे तो तोंड उघडू शकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा हे प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगून मला परत पाठवण्यात आले. पुढे त्याच खोलीसाठी त्याला पन्नास हजार टोकन दिलेला एक तरुण भेटला. आम्ही दोघांनी मिळून लेखी अर्ज दिला, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम 318 खाली तक्रार नोंदवून घेतली गेली. त्यानंतर फसवणाऱ्याने मला ऐंशी हजारांचे दोन धनादेश दिले. एक वटला, दुसरा परत आला. धनादेश परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते; ती मी दिली आहे.

या भागात खोली बघणाऱ्यांनी चालू महिन्याची मूळ भाडेपावती हातात घेऊन पाहावी, झेरॉक्सवर विसंबू नये. पावतीवरील नावाचा माणूस किंवा त्याचा वारस यांच्याशी, त्यांचे ओळखपत्र पाहून, स्वतः बोलावे. गॅलरीतल्या चार दारांवर, खोली दाखवणारा सोबत नसताना, विचारपूस करावी. ‘मालकाच्या माणसाला कळू देऊ नका’ असे कोणी सांगितले, तर त्या खोलीवर हेवी डिपॉझिट अजिबात देऊ नये. अगदीच निकड असेल तर महिन्याच्या भाड्याने आणि बुडाली तरी सोसेल एवढ्याच अनामतीवर राहावे. रक्कम बँकेतूनच द्यावी. मी दोन लाख रोख दिले होते आणि ते दिल्याचा पुरावा आज माझ्याकडे फक्त त्या नोटरीच्या कागदाचा आहे.

आम्ही आता नायगावला नोंदणीकृत करारावर राहतो आणि आईचे उपचार सुरू आहेत. मागच्या पंधरवड्यात एका परिचिताने मला भाड्याच्या खोलीची जाहिरात पाठवली. पत्ता करी रोडचा दिला होता, अनामत सहा लाख मागितली होती आणि तिसऱ्या फोटोत खिडकीशेजारी मी ठोकलेली फळी होती, तिच्यावर आईच्या औषधांच्या बाटल्या.