दारू सोडवणारी गोळी: कार्डावर की सिव्हिलमध्ये?

नाशिकमध्ये घरचं कुणी दारू सोडायला तयार झालं की पहिली अडचण पैशांची. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे, पण ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांना; ओपीडी त्यात नाही. आणि ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन तर घरी राहून महिनोन्महिने घ्यायची गोळी! २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकाच हक्क दिला, व्यसनाशी जोडलेले विकारही त्यात धरले. मग ही गोळी बाहेर का?

सिव्हिलमध्ये १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. सिन्नर-इगतपुरीहून येणाऱ्याचा रोजगार बुडतो खरा, तरी मी आधी सिव्हिलच सुचवेन. दारू थांबवल्यावर हात थरथरले, भास झाले, तर मात्र ओपीडीची वाट न पाहता लगेच भरती करा.