क्लब बदलत जावं की एका ठिकाणी टिकावं? डी मारिया आणि नवास, दोन विंगर शेजारी शेजारी

फुटबॉलमध्ये मैदानाच्या बगलेवर खेळणाऱ्या मुलापुढे, म्हणजे विंगरपुढे, क्लब बदलण्याचा प्रश्न फार लवकर येतो. त्याचं भांडवल वेग, आणि तिशी ओलांडली की वेग उतरू लागतो. शिवाय मैदानावरची त्याची जागा पूर्णपणे प्रशिक्षकाच्या आखणीवर अवलंबून असते. गोलरक्षक कुठल्याही रचनेत लागतोच. विंगरचं तसं नाही. नवा प्रशिक्षक आला, त्याने तीन बचावपटू आणि दोन विंगबॅक (बगलेवर बचाव आणि चढाई दोन्ही करणारे) अशी मांडणी केली, की कालपर्यंत अकरात असणारा पोरगा बाकावर बसतो, आणि त्यात त्याची काही चूकही नसते. म्हणून दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं की घरात रात्ररात्र चर्चा चालते: जाऊ द्यावं की थांबवावं?

अशा घरांसाठी दोन कारकिर्दी शेजारी ठेवून बघतो. एक अर्जेंटिनाचा अँजेल डी मारिया, जन्म १९८८, गाव रोसारियो. दुसरा स्पेनचा हेसुस नवास, जन्म १९८५, सेव्हिया शहराजवळच्या लॉस पालासिओसचा. दोघंही अंगाने किरकोळ, दोघंही विश्वविजेते. डी मारिया रोसारियो सेंट्रल, बेन्फिका, रेयाल माद्रिद, मँचेस्टर युनायटेड, पॅरिसचा पीएसजी, युव्हेंटस, पुन्हा बेन्फिका आणि २०२५ मध्ये पुन्हा रोसारियो सेंट्रल असा फिरला. नवासने सबंध आयुष्यात दोनच क्लब पाहिले: सेव्हिया आणि मँचेस्टर सिटी. ही दोन माणसं मुद्दाम निवडली, कारण २०१४-१५ च्या मोसमात ती एकाच शहरात होती आणि त्या शहराने दोघांना अगदी वेगवेगळी वागणूक दिली.

घर सोडताना

डी मारियाचे वडील कोळशाच्या कामात होते. पोरगाही त्यांना हातभार लावायचा. आई सायकलवर बसवून त्याला सरावाला न्यायची. अशा घरात युरोपातून आलेला करार नाकारायचा प्रश्नच नव्हता. २००७ मध्ये तो कॅनडातला २० वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात लिस्बनच्या बेन्फिकाने त्याला घेतलं. तिथला विंगर सिमाओ अॅटलेटिको माद्रिदला गेल्यामुळे तिथे बगलेची जागा मोकळी झाली होती, ती भरायला. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. क्लबला 'एक चांगला मुलगा' नको होता, एक ठरावीक जागा भरायची होती. तरीही पहिले दोन मोसम तो चाचपडत होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नायजेरियाविरुद्धचा एकमेव गोल त्याचा, पण लिस्बनमध्ये तो नियमित चमकला तो तिसऱ्या वर्षी, २००९-१० मध्ये. त्या वर्षी बेन्फिका विजेता झाला आणि रेयाल माद्रिदने त्याला उचललं. म्हणजे ज्याला आपण 'फिरता' म्हणतो त्यानेही पहिल्या परदेशी क्लबात तीन वर्षं काढली. मुलांच्या पालकांना हे मी नेहमी सांगतो, कारण सहा महिन्यांत 'तिकडे जमत नाही' म्हणून परत येणारी पोरं मी बघितली आहेत.

नवासची गोष्ट उलटी. घरापासून लांब गेलं की त्याला तीव्र अस्वस्थतेचे झटके यायचे. वयोगटातल्या राष्ट्रीय शिबिरांतून तो परत यायचा. हा केवळ लाजरेपणा नव्हता, आजारच होता, आणि त्याने तो लपवला नाही. क्लबने त्याला वेळ दिला, त्याने उपचार घेतले आणि २००९ च्या नोव्हेंबरात तो स्पेनच्या मुख्य संघातून खेळला. पुढच्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो बदली म्हणून उतरला. इनिएस्ताच्या गोलाची चाल उजव्या बगलेवरून नवासच्या धावेने सुरू झाली होती, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. तोवर सेव्हियाबरोबर दोन यूएफा कप, २००६ आणि २००७ चे, आणि दोन कोपा देल रे, म्हणजे स्पेनचे राष्ट्रीय कप, त्याच्या खात्यात होते. घरी राहिला म्हणून काही हुकलं, असं म्हणायला जागा नाही.

मग तुमच्या मुलासाठी यातलं काय घ्यायचं? मुलगा वसतिगृहात झोपू शकतो का, जेवतो का, फोनवर रडतो का, याकडे खेळाइतकंच गांभीर्याने बघा. 'होईल सवय' हे वाक्य सगळ्यांना लागू पडत नाही. नवास २७ वर्षांचा झाल्यावर परदेशी गेला, आणि गेला तेव्हा टिकला. उशीर झाला म्हणून दार बंद झालं नाही.

मँचेस्टर

२०१३ मध्ये नवास सिटीकडे गेला. तिथे प्रशिक्षक मानुएल पेलेग्रिनी, चिलीचे, स्पॅनिश बोलणारे. व्यवस्थापनात सोरिआनो आणि बेगिरिस्ताइन, दोघंही बार्सिलोनातून आलेले. संघात स्पेनचाच डेव्हिड सिल्वा, आणि त्याच उन्हाळ्यात सेव्हियातूनच आलेला आल्वारो नेग्रेदो. ज्याला घर सुटण्याची भीती, तो घराचा एक तुकडा जिथे आधीच मांडलेला आहे अशा क्लबात गेला. त्याला काय करायचं तेही ठरलेलं होतं: उजव्या टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला, चिकटून मैदान रुंद करायचं आणि क्रॉस, म्हणजे बगलेवरून गोलसमोर पास, टाकायचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध त्याने सामना सुरू होऊन १४ सेकंद होताहेत तोच गोल केला. पहिल्याच मोसमात प्रीमियर लीग आणि लीग कप, लीग कपच्या अंतिम सामन्यात त्याचा गोल. गोलांची संख्या एकूण कमीच राहिली आणि त्यावर टीकाही झाली, पण चार मोसम तो खेळत राहिला.

वर्षभराने डी मारिया युनायटेडकडे आला, ५ कोटी ९७ लाख पौंडांना. तेव्हा ब्रिटनमधली ही सर्वात मोठी रक्कम होती. पाठीवर ७ क्रमांक. आणि तो येत होता आयुष्यातल्या सर्वोत्तम मोसमानंतर. गॅरेथ बेल माद्रिदला आल्यावर बगलेवरची जागा गेली, तेव्हा प्रशिक्षक अँचेलोत्तींनी त्याला आत घेतलं, तिघांच्या मधल्या फळीत डावीकडे. स्पेनच्या ला लीगात त्या वर्षी सर्वाधिक गोलपास त्याचेच. लिस्बनच्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात जादा वेळेत सगळे दमलेले असताना डावीकडून त्याने जी मुसंडी मारली, तिच्यातूनच बेलचा गोल झाला. सामन्याचा मानकरीही तोच ठरला. आणि तीन महिन्यांत क्लबने त्याला विकलं. आपल्याला जायचं नव्हतं, हे त्याने माद्रिदच्या चाहत्यांना खुल्या पत्रात लिहिलं. उत्तम खेळलास की जागा पक्की, असं मोठ्या क्लबांत नसतं. हे कटू आहे, पण करारावर सही करण्याआधी माहीत असलेलं बरं.

युनायटेडमध्ये भाषेची अडचण नव्हती. माता, दे हेआ, एरेरा, रोहो असे स्पॅनिश बोलणारे बरेच होते. नव्हती ती जागा. प्रशिक्षक लुई व्हान गाल नुकतेच आले होते आणि संघाची मांडणी सतत बदलत होते. डी मारिया कधी मधल्या फळीत, कधी डावीकडे, कधी थेट आघाडीवर. लीगमध्ये २७ सामने, ३ गोल. २०१५ च्या सुरुवातीला कुटुंब घरात असताना चोरांनी घर फोडायचा प्रयत्न केला, आणि घरच्यांचं मन त्या शहरातून उडालं. मार्चमध्ये आर्सेनलविरुद्ध एफए कपच्या सामन्यात पंचांचा शर्ट ओढल्याबद्दल त्याला मैदानाबाहेर काढलं गेलं. तोवर डाव्या बगलेवर अॅशली यंग पक्का झाला होता. वर्षभरात तो पॅरिसला रवाना.

लोक म्हणतात, पैशामागे गेला आणि फसला. मला ते पटत नाही. हस्तांतरणाची रक्कम क्लबला मिळते, खेळाडूला नाही. तो फसला ते प्रशिक्षकाला तो नक्की कुठे हवा हे ठरलेलं नसताना गेल्यामुळे. पॅरिसमध्ये जागा ठरलेली होती, तिथे तो सात मोसम राहिला आणि पाच लीग विजेतेपदं घेतली. सात मोसम! ज्याला सगळे भटका म्हणतात, तो एका क्लबात सात वर्षं राहिला, कारण तिथे तो लागत होता.

वेग उतरल्यावर

माझ्या मते ही तुलना इथे सर्वात मोलाची ठरते, आणि तरुण मुलं नेमका याचाच विचार करत नाहीत.

नवास उजव्या पायाचा, उजव्या बगलेचा. त्याच्या कारकिर्दीच्या मध्यावर जगभर डावखुरा विंगर उजवीकडे ठेवायची पद्धत रुजली. आत वळायचं आणि गोलवर मारायचं. टचलाइन धरून क्रॉस टाकणाऱ्याची मागणी घटली. तरीही तो ३९ वर्षांपर्यंत खेळला तो राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, होऊन. विंगर आत गेला की बाहेरची मोकळी पट्टी मागून धावत येणारा राइट बॅक वापरतो, म्हणजे काम तेच, सुरुवात तीस-चाळीस यार्ड मागून. गंमत अशी की हा बदल घरच्या क्लबात सुरू झाला नाही. २०१७ च्या वसंतात सिटीत प्रशिक्षक ग्वार्दिओला यांनी त्याला त्या जागी खेळवायला सुरुवात केली. मग तो सेव्हियात परतला आणि पुढच्या एक-दोन मोसमांत तिथे पक्का राइट बॅक झाला. नवी विद्या बाहेर मिळाली, ती मुरवायला वेळ घरी मिळाला. कर्णधार म्हणून २०२० ची युरोपा लीग, मग २०२३ ची. २०२४ च्या युरोत उपांत्य सामन्यात स्पेनचा नेहमीचा राइट बॅक कार्वाहाल निलंबित असताना ३८ व्या वर्षी त्याने फ्रान्सविरुद्ध, म्हणजे एम्बाप्पेच्या बाजूला, उजवी बगल सांभाळली. स्पेनने तो सामना आणि नंतर ती स्पर्धाही जिंकली. सेव्हियासाठी ७०५ सामने, क्लबचा विक्रम. सराव केंद्रातल्या मैदानाला त्याचं नाव आहे.

पण घरच्या क्लबाचं प्रेम गृहीत धरू नका. २०२४ च्या मे महिन्यात नवास जाणार असं जाहीर झालं होतं. मग लगोलग चक्रं फिरली आणि नवा करार झाला. त्या डिसेंबरात कंबरेच्या सांध्याच्या दुखण्यामुळे तो थांबला. इतकं देऊनही कराराची वेळ आली की बोलणी करावीच लागतात.

डी मारियाने वय वेगळ्या रीतीने पेललं. डाव्या पायाचा, पण दोन्ही बगलांवर आणि मधल्या फळीतही चालणारा. २०२२ मध्ये त्याने युव्हेंटसशी फक्त एका वर्षाचा करार केला. क्लबच्या दृष्टीने ते वर्ष दुखापतींत गेलं, पण डिसेंबरात कतारमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनींनी त्याला अचानक डावीकडे उतरवलं. पेनल्टी त्याने मिळवून दिली, दुसरा गोल त्याचा. त्याआधी २०२१ मध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात माराकानावर ब्राझीलविरुद्धचा एकमेव गोल, २०२२ च्या फिनालिसिमात (युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला सामना) इटलीविरुद्ध गोल. मोठ्या अंतिम सामन्यांत गोल करणारा असा विंगर मी दुसरा पाहिला नाही. इतक्या प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळल्यामुळे कुठेही उभं केलं तरी त्याला जागा सापडते, असं मी मानतो. फिरण्याचा खरा लाभ हा.

आणि त्याची किंमत? २०२४ मध्ये त्याला रोसारियोला परतायचं होतं. मार्चमध्ये कुटुंबाला धमकी आली आणि परतणं वर्षभर लांबलं. नवासला २०१७ मध्ये परत यायला फक्त विमानात बसायचं होतं.

आपल्याकडे

भारतात एक तिसरी शक्यता असते: क्लबच उरत नाही. मिझोरमचा लालियानझुआला छांगटे पुण्याच्या डीएसके शिवाजियन्समध्ये घडला. तो क्लब काही मोसमांतच स्पर्धेतून दिसेनासा झाला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीही बंद पडला. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंगने २०१६ मध्ये आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. छांगटे नॉर्थईस्ट युनायटेड, दिल्ली डायनामोज, चेन्नईयिन असं करत २०२२ च्या जानेवारीत मुंबई सिटीत आला आणि इथे स्थिरावला. २०२२-२३ चा इंडियन सुपर लीगचा लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याला मिळणारा) संघाने जिंकला, आणि त्या मोसमासाठी महासंघाने त्याला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. बगलेवर धावायला मोकळीक देणारी मांडणी मिळाली, सलग सामने मिळाले, आणि आधी अधूनमधून दिसणारा खेळ दर आठवड्याला दिसू लागला. आपल्या पोरांना नवाससारखं एका क्लबात राहायची इच्छा असली तरी ते त्यांच्या हातात असेलच असं नाही. म्हणून प्रस्ताव तपासताना क्लबची युवा फळी किती वर्षं चालू आहे, हे पगाराच्या आधी विचारा.

मग कोणाची वाट धरावी

मुलगा दोन्ही पायांनी खेळतो, दोन-तीन जागांवर चालतो, घर सोडून झोपू शकतो, आणि बोलावणाऱ्या प्रशिक्षकाने त्याची जागा नाव घेऊन सांगितली आहे, तर जाऊ द्या. तिथे किमान दोन मोसम काढायची तयारी ठेवा. मुलगा एकाच बगलेचा, एकाच पद्धतीचा असेल आणि सध्याच्या क्लबात दर आठवड्याला मैदानावर उतरत असेल, तर वीस-एकविसापर्यंत थांबण्यात तोटा नाही. त्या काळात त्याला बचाव शिकवा, नवासचा राइट बॅक म्हणूनचा खेळ दाखवा. आणि बोलावणारा क्लब मोठा आहे पण प्रशिक्षक नवा आणि मांडणी अजून ठरायची आहे, तर पैसे कितीही असोत, मी माझ्या हातातल्या मुलाला थांबवीन.

सही करण्याआधी त्या क्लबचे गेल्या मोसमातले दहा-बारा सामने पूर्ण बघा. बगलेवर कोण खेळतं, चेंडू तिथे किती वेळा येतो, साठाव्या मिनिटाला कोणाला बाहेर काढतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या किती मुलांना प्रत्यक्षात उतरवलं, हे वहीत लिहा. मग प्रशिक्षकाशी बोलताना ती वही समोर ठेवून विचारा, यात माझा मुलगा कुठे?