दोन माणसं समोर बसली आहेत: एकेक काढावं की दोघांना एकदम?

छपरीत आजी नातीची वेणी घालतेय आणि तुम्ही कागद-कोळसा घेऊन बसलात. आधी आजी पुरी करून मग नात काढायची, की दोघींचा मिळून एकच आकार धरायचा? मी दोन्ही करून पाहिलंय. माणसं एकमेकांना टेकलेली असतील तर एकदमच काढा.

एकेक काढताना धीर येतो, हे खरं. पण आजीचं डोकं जरा मोठं झालं की नातही त्याच मापानं वाढते. अर्धा इंपिरियल, म्हणजे 15 बाय 22 इंचांचा कागद असूनही माझ्या चित्रातल्या नातीचे पाय बाहेर गेले होते. त्याहून वाईट म्हणजे, आजी केस खेचते तशी नातीची मान मागे झुकते. आजी आधी संपवली की तिची बोटं हवेत राहतात. मग केस तिथवर ओढत नेले, तरी मानेतला ताण येत नाही.

एकदम काढताना आजीच्या माथ्यापासून नातीच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत बाहेरची एकच रेघ धरा. मग आजीचा कोपर आणि नातीची पाठ यांच्यामधून भिंतीचा जो त्रिकोणी तुकडा दिसतो, तो काढा. तो जमला की कोपर आणि पाठ दोन्ही जागेवर येतात. पेन्सिल आडवी धरून बघा, नातीचा माथा आजीच्या हनुवटीला येतो की गळ्याला? चुकलं तर कोळसा फडक्यानं पुसता येतो. पहिली पाच-सात मिनिटं मात्र चेहरे नसतात. “माहं तोंडच नाई दिसून रायलं यात,” आजी म्हणाली होती. आधीच सांगून ठेवा.

वावरात निंदण चालू असेल, तर एकेकच बरं. बाया सरकत राहतात, पण तीच बैठक पुन्हा पुन्हा सापडते. फक्त दुसरीच्या डोक्याची आणि पायाची खूण पहिलीसोबतच करून ठेवा आणि स्वतःची जागा हलवू नका. एक तुम्ही बसून आणि दुसरी उभं राहून काढली, तर दोघी एका जमिनीवर दिसत नाहीत.

वेणी दहा-बारा मिनिटांत होते. तेवढ्यात बाहेरची रेघ आणि तो भिंतीचा तुकडा पकडा. चेहरे नंतर दोघी चहा घेत बसल्या तरी काढता येतात.