तळ्यातला बास की नदीतला ट्राउट?

वाटाड्यासोबत गळ टाकायला एकच दिवस मिळणार असेल, तर तळ्यातला बास मासा निवडावा की नदीतला ट्राउट मासा, असे एका स्नेह्याने विचारले. पहिला निकष हंगामाचा, आणि खरे तर निम्मा निर्णय तिथेच होतो. ट्राउटला साधारण 10 ते 16 अंश सेल्सिअसचे थंड, प्राणवायूने भरलेले पाणी मानवते. पाणी 20 अंशांच्या पुढे गेले की तो मलूल होतो आणि गळातून सोडवून परत सोडला तरी जगेलच असे नाही, म्हणून अशा दिवसांत जबाबदार वाटाडे सकाळीच काम आटोपतात. बास मात्र त्याच उबेत पाणवनस्पतींच्या कडेने आमिषावर झडप घालतो.

श्रमांतला फरक मोठा आहे. बाससाठी होडीतून गळ फेकायचा असतो. ट्राउटसाठी बहुधा वाहत्या पाण्यात, निसरड्या गोट्यांवर तोल सांभाळत, आमिष म्हणून गळाला लावलेली पिसांची कृत्रिम माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी लागते, आणि दोरी जराशी ओढली गेली तरी मासा फसत नाही. खर्चाबाबत एवढेच, की मासेमारीचा परवाना वाटाड्याच्या शुल्कात धरला आहे का, हे दोन्हीकडे आधी विचारावे.

सोबत मुले किंवा गुडघे दुखणारे कोणी असेल, तर उन्हाळ्यातला बास बरा. शिकण्याची चिकाटी असलेल्याने वसंतात किंवा शरदात ट्राउटकडे वळावे.