दहा बाय अकराच्या खोलीत गाणं मोकळं करायचंय: गोधडी, मागचे स्पीकर की सॉफ्टवेअर?

इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये गाणं ऐकायला मिळालेली खोली दहा बाय अकरा फुटांची. खाली टाइल्स, भिंती कोऱ्या, एका बाजूला लोखंडी कपाट. नाशिकच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये थोड्याफार फरकाने हीच परिस्थिती, आणि तक्रारही हीच: स्पीकर चांगले आहेत, पण आवाज त्या दोन डब्यांच्या बाहेर पडत नाही.

आधी फुकटचं काम उरका. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, दोघांत साडेपाच फूट अंतर ठेवा आणि दोघांपासून तेवढ्याच अंतरावर आपण बसा. खुर्ची पाठीमागच्या भिंतीला टेकवू नका. एवढ्यानेच खूप फरक पडतो. पैसे घालायचे ते त्यानंतर.

अडचण कुठे आहे? वरच्या मांडणीत बाजूच्या भिंतीवर आपटून येणारा आवाज थेट आवाजाच्या मागोमाग जेमतेम ३ मिलिसेकंदांत कानात शिरतो. मेंदू त्याला वेगळा धरत नाही, थेट आवाजातच मिसळून टाकतो. नाशिकच्या कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात भिंती आपल्यापासून दूर असतात. तिथे हा आवाज पुष्कळ उशिरा आणि बाजूने येतो, म्हणून आपण गाण्याच्या आत बसल्यासारखं वाटतं. लहान खोलीत हा उशीर मिळत नाही. एक तर तो कुठून तरी आणावा लागतो, नाहीतर भिंतीचा तो घाईचा आवाज दाबावा लागतो.

गोधडी. आपण खुर्चीत बसायचं आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगायचं. आरशात स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलने खूण करायची, आवाज तिथूनच आपटून येतो. थंडीत घेतो ती जाड गोधडी मी त्या खुणेवर भिंतीपासून चार बोटं सोडून टांगली. ख्यालाचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा तोवर गायिकेच्या आवाजाला चिकटून बसलेला तानपुरा तिच्या मागे गेला, आणि दोघांमधली हवा कळायला लागली. पण एक सांगायला हवं: बाजूच्या भिंतीचा आवाज काढला की गाण्याचं चित्र नेटकं होतं, तसंच थोडं आखडतंही. आवाजाची डेप्थ वाढते, रुंदी घटते. गोधडीऐवजी तिथे पुस्तकांचं कपाट ठेवलं तर आवाज मरत नाही, विखुरतो. ज्यांना रुंदी हवी त्यांनी कपाटच ठेवावं. आणि कापडाचा परिणाम वरच्या पट्टीतल्या आवाजावरच होतो, घुमणाऱ्या बासवर नाही.

मागचे स्पीकर. ही जुनी युक्ती आहे, डेव्हिड हाफलर या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. दोन छोटे स्पीकर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून अॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या पॉझिटिव्ह टोकांच्या मध्ये लावायचे. मग दोन्ही चॅनेलमध्ये, म्हणजे डाव्या आणि उजव्या आवाजात जे सारखं आहे, म्हणजे बहुतेकदा मधला गायक, ते वजा होतं. उरतो तो फरक: सभागृहाची गुंज, श्रोत्यांची दाद, टाळ्या. या स्पीकरांची तोंडं आपल्याकडे नकोत, मागच्या भिंतीकडे किंवा छताकडे वळवा. आवाजाला फिरून यावं लागलं की हवा तो उशीर थोडा तरी मिळतो. ते वेगळे ऐकू येत असतील तर जास्त झाले. बंद केल्यावरच त्यांची आठवण यावी, इतपत ठेवा. मात्र दोन्ही चॅनेलची निगेटिव्ह टोकं आतून एकमेकांना जोडलेली असलेल्या अॅम्प्लिफायरवरच हे करा. हल्लीच्या छोट्या डिजिटल अॅम्पमध्ये बऱ्याचदा तसं नसतं, तेव्हा आधी जाणकार मेकॅनिकला दाखवा.

सॉफ्टवेअर. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही जातो. उजव्या स्पीकरमधून त्याच्या नेमका उलटा आवाज काढून तो तिथल्या तिथे खोडायचा, ही यामागची कल्पना. जमलं तर आवाज खरोखर भिंतीपलीकडे जातो. पण डोकं चार इंच हललं तरी चित्र विस्कटतं, आणि शेजारी बसलेल्याला तर काहीच मिळत नाही. नुसतं ‘वाइड’ नावाचं बटण याहून साधं असतं. ते फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाढवतं, त्यात मधला गायक अशक्त होतो.

भाड्याच्या घरात राहत असाल आणि एकटेच ऐकत असाल, तर गोधडी लावा आणि वर सॉफ्टवेअर करून बघा. खिळा ठोकायची मुभा नसेल तर गोधडी कपड्यांच्या स्टँडवरही चालते. घरचे सगळे मिळून ऐकत असतील तर सॉफ्टवेअरचा नाद सोडा. आमच्याकडे रविवारी सकाळी तिघं-चौघं बसतात, म्हणून मी पुस्तकांचं कपाट आणि मागचे दोन छोटे स्पीकर ठेवले, आणि गोधडी पुन्हा पलंगावर गेली.